डाव्या कुशीवर

“माज्या छातीत असं काय घावलंय गं, की समदी लेकरं आईकून खूश व्हत्यात?”

मेडिसिनच्या फिमेल वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेवरच्या बाईनं मला हे विचारलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. राउंड पुढच्या वॉर्डात सरकला होता. फरशीवर नुकतंच फिनाइल फिरवलेलं, आणि त्या वासात कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या भाजीचा वास मिसळलेला. आमच्या बॅचचे सात-आठ जण तिच्या छातीला स्टेथो लावून गेले होते. ऐकताना प्रत्येकाचं एकच चालतं: आधी कपाळाला आठ्या, डोळे मिटलेले, ओठ घट्ट. मग एका क्षणी डोळे उघडतात, चेहरा खुलतो आणि शेजारच्याला हळूच सांगितलं जातं, “आला, आला!” ती हे सगळं उशीवरून बघत होती. आपण पेशंटकडं बघतो तेव्हा पेशंटही आपल्याकडं बघत असतो, आणि तेही आपला चेहरा अगदी जवळ आलेला असताना, हे माझ्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. केसपेपरवर तिचं वय ३४ होतं. चेहऱ्यावरून मी तिला पहिल्या दिवशी मावशी म्हणाले आणि पुढं तेच चालू राहिलं.

तिला मायट्रल स्टेनोसिस होता. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप आवळून गेलेली, त्यामुळं रक्त पुढं सरकायला जागा अपुरी. त्या अरुंद वाटेतून रक्त जाताना जो आवाज होतो तो अगदी खालच्या पट्टीतला असतो. स्टेथोची लहान बाजू, जिला आम्ही बेल म्हणतो, ती हलक्या हातानं टेकवायची, पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, श्वास बाहेर सोडून धरायला सांगायचं, तेव्हा कुठं तो कानात येतो. पुस्तकात त्याच्यासाठी चार ओळी आहेत. मी खाटेच्या कडेशी टेकले आणि तिला जमेल तसं सांगितलं: हृदयात एक झडप असते, तुमची ती लहानपणच्या आजारानं कडक झालीय, नीट उघडत नाही, म्हणून धाप लागते, आणि तोच आवाज आम्ही ऐकतो. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हंजे वाईटच की. मंग खूश कामून व्हायचं?”

त्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरोखरच कळून घ्यायचं होतं.

फायनल इयरची पोस्टिंग म्हणजे काय, हे घरी सांगताना मला नेहमी अडचण येते. आई फोनवर विचारते, “आज कुणाला बरं केलंस?” आम्ही कुणाला बरं करत नाही. बरं करणारे वेगळे: युनिटचे सर आणि मॅडम, लेक्चरर, इमर्जन्सीच्या रात्री डोळ्याला डोळा न लागलेले रेसिडेंट, आणि ज्यांच्या हाताला शीर बरोबर सापडते त्या सिस्टर. आम्ही सकाळी अ‍ॅप्रन घालून वॉर्डात जातो, वाटून दिलेल्या खाटेच्या उजव्या बाजूला उभे राहतो आणि केस घेतो. काय होतंय, कधीपासून होतंय, जिना चढताना धाप लागते की सपाटीवर चालतानाही लागते, रात्री झोपेतून घाबरून उठून बसावं लागतं का, उशाला किती उश्या लागतात. मग बघायचं, चाचपायचं, बोटांनी ठोकायचं, शेवटी ऐकायचं. बाराच्या सुमाराला सर येतात आणि पेशंटच्याच उशाशी उभं राहून तिची सगळी कहाणी आम्ही इंग्रजीत सांगतो. ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहते. त्या दहा मिनिटांत तिला समजणारा शब्द एकच असतो, तिच्या गावाचं नाव. तो आला की ती मान हलवते.

चांगली केस दाखल झाली की ग्रुपवर निरोप फिरतो: फिमेल वॉर्ड, खिडकीजवळ, एमएस, थ्रिलसुद्धा लागतो. एमएस म्हणजे मायट्रल स्टेनोसिस, थ्रिल म्हणजे त्या आवाजाची हाताला जाणवणारी थरथर. दुपारपर्यंत सर्जरीला लागलेल्या बॅचची मुलंही येऊन ऐकून जातात. ह्यात मला कुणाचा वाईट हेतू दिसत नाही. कानाला आवाज ओळखीचा व्हायचा तर तो पुन्हा पुन्हा ऐकावाच लागतो. मोबाइलवर ऐकायला मिळणारे मर्मर, म्हणजे हृदयातले असे आवाज, स्वच्छ असतात. वॉर्डातला मर्मर पंख्याच्या खडखडाटातून, शेजारणीच्या खोकल्यातून, “कोण आहे नातेवाईक, कोण आहे?” अशा हाकांमधून वेगळा काढावा लागतो. तो कान तयार झाला नाही तर उद्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, जिथं टूडी-इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नाही, तिथं अशीच एखादी बाई दम्याच्या गोळ्या घेऊन परत जाईल. ह्या बाईचं तसंच झालं होतं. तेव्हा ऐकायलाच हवं, आणि शिकताना आनंद होणंही साहजिक आहे. तरी ती आमच्या आनंदाकडं खालून बघत होती, हे काही केल्या मनातून जात नव्हतं.

स्टेथोस्कोपची सुरुवातही एका अशाच बाईपाशी झाली. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक ह्या डॉक्टरकडं हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुण स्त्री आली. ती स्थूल होती, छाती ठोकून काही समजेना, आणि तरुण बाईच्या छातीला थेट कान लावणं लेनेकला प्रशस्त वाटेना. त्यानं कागदाची घट्ट गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला. आवाज नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट आला. पुढं लाकडी नळी झाली, १८१९ साली त्याचा ग्रंथ आला, १८२६ साली तो स्वतः क्षयानं गेला. ह्या सगळ्याला जिच्यापासून सुरुवात झाली तिचं नाव त्यानं लिहून ठेवलेलं नाही. तरुण, स्थूल, हृदयविकाराची लक्षणं, एवढीच तिची ओळख उरली. गळ्यात स्टेथो अडकवून वॉर्डात शिरताना मला अलीकडं तिची आठवण होते. तिला कुणी सांगितलं असेल का, काय ऐकू आलं ते?

आमच्या अभ्यासक्रमात ह्याची शिकवणी आहे. २०१९ पासूनच्या नव्या रचनेत ‘एटकॉम’ नावाचा भाग आला, त्यात पेशंटशी बोलावं कसं, संमती घ्यावी कशी, वाईट बातमी सांगावी कशी, हे तासाला शिकवतात. लेक्चर हॉलमध्ये आम्ही एकमेकींचे पेशंट आणि डॉक्टर झालो, चांगले संवाद म्हटले. ते तास मला आवडले होते. पण मी खरं शिकले ते आमच्या एका मॅडमकडून, आणि त्या ह्यावर कधी व्याख्यान देत नसत. हिवाळ्यात पोट तपासायच्या आधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत. पडदा स्वतःच्या हातानं ओढत. केस सांगायला सुरुवात करण्याआधी पेशंटला रात्री झोप लागली का, हे विचारल्याशिवाय पुढं जाऊ देत नसत. आणि इंग्रजीतली सगळी चर्चा संपली की वाकून तिला मराठीत दोन वाक्यं सांगत: “ही मुलं तुमच्या यकृताबद्दल बोलत होती. सूज आहे, औषध चालू आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू.” त्याला मिनिटभरही लागत नसे. पेशंटचे खांदे तेवढ्यानं सैल पडलेले दिसत.

मी लातूरच्या क्लासेसमधून आले. तिथं आम्हाला मिनिटाला एक प्रश्न सोडवायला शिकवलं, आणि ते शिकवलं म्हणून मी इथवर पोचले. ‘नीट’ ह्या प्रवेशपरीक्षेत ७२० पैकी किती, ह्यावर घराचं दोन वर्षांचं सगळं गणित बसवलेलं असतं. आता फायनलला पुन्हा तेच समोर आहे. विद्यापीठाची थिअरी, प्रॅक्टिकल, आणि त्यामागं पदव्युत्तर प्रवेशाची ‘नीट पीजी’: २०० प्रश्न, ८०० गुण, साडेतीन तास. म्हणजे पुन्हा प्रश्नामागं मिनिटभरच. देशात एमबीबीएसच्या जागा लाखावर गेल्या, हव्या त्या शाखेतल्या पीजीच्या जागा त्या मानानं फारच कमी. त्यामुळं वॉर्डात मागच्या रांगेत उभं राहून मोबाइलवर प्रश्न सोडवणाऱ्यांना मी नावं ठेवू शकत नाही. त्यांच्या डोळ्यांतली भीती मला ओळखीची आहे. पण त्या प्रश्नांमध्ये पेशंट कसा येतो ते बघा: ३४ वर्षांची स्त्री, धाप, हृदयाचा पहिला ध्वनी मोठा, पर्याय चार. लागेल तेवढंच, लागेल त्या क्रमानं. खाटेवरची बाई असं काहीच सांगत नाही. ती धाप सांगता सांगता दिराच्या लग्नावर जाते, लग्नावरून मेलेल्या शेळीवर, शेळीवरून तिसऱ्या बाळंतपणावर, आणि त्या बाळंतपणातच निदान दडलेलं असतं. तिच्याकडून पूर्ण हिस्ट्री मिळायला माझी अख्खी सकाळ गेली.

त्या सकाळी काय मिळालं? तिचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की गाव रिकामं व्हायचं, कारखान्याच्या जागेवर खोपी, सहा महिने तिथंच. ती दहा-अकरा वर्षांची असताना आधी घसा दुखला, ताप आला, मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला, मग मनगट. आईनं हळदीचा लेप लावला. महिनाभरात ती उठून पुन्हा धाकट्या भावाला सांभाळायला लागली. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढायला शरीरानं जे तयार केलं ते स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटलं. सांधे बरे झाले, झडप तशीच आतल्या आत आकसत राहिली. दाटीवाटीनं राहावं लागणाऱ्या घरांमधली मुलं ह्याला जास्त बळी पडतात. पुढं तिचं लग्न झालं ते ऊसतोडीच्याच घरात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल दोघांच्या हिशेबावर, एखादा दिवस आजारी पडून घरी बसलं तर खाडा. तिसऱ्या गरोदरपणात शरीरात रक्ताचं प्रमाण वाढलं तशी झडपेची अरुंद वाट पुरेना, आणि ती मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरच्या फळीवर चढताना पहिल्यांदा खाली बसली.

ह्या आजारात पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर २१ दिवसांनी घ्यावं लागतं, मोठ्या माणसाला १२ लाख युनिट. औषध घट्ट असतं, सुई जाड लागते, कमरेखाली दोन दिवस ठणकतं. वर्षानुवर्षं घ्यायचं असतं. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि झडप झिजण्याचा वेग आवरतं. दाखल झाल्यावर तिचं ते सुरू झालं. पण तिच्या आयुष्याचं वेळापत्रक कारखान्याच्या धुराड्यावर चालतं. गळीत हंगामात ती कधी सांगलीकडं, कधी कोल्हापूरकडं, कधी थेट कर्नाटकात. तिथल्या अनोळखी केंद्रात जाऊन पेनिसिलिन मागितलं तर रिअ‍ॅक्शनच्या भीतीनं बरेच डॉक्टर बिचकतात. २१ दिवसांची साखळी अशी दर वर्षी दसऱ्याला तुटते. हे कुठल्याही चार पर्यायांत येत नाही.

ओबीजीच्या, म्हणजे स्त्रीरोग आणि प्रसूती विभागाच्या, पोस्टिंगला हेच दुसऱ्या अंगानं दिसलं. समोर तिशीतली बाई, पाळी कधी आली होती विचारलं की सरळ उत्तर, “पिशवी काढली.” एकीनं सांगितलं, दुसरीनं सांगितलं, आणि नंतर तर मी तो प्रश्न विचारतानाच पोटावरच्या व्रणाकडं बघायला लागले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली, ते सगळ्यांनी वाचलं आहे. मी तेव्हा शाळेत होते, मीही वाचलं होतं. वाचणं आणि कम्बाइन्ड ओपीडीच्या गर्दीत एक तरुण बाई ते सहज, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत सांगते ते ऐकणं, ह्यात फार अंतर आहे. ह्या बायकांच्या शरीरावर कुणीतरी आधीच पुष्कळ निर्णय घेऊन ठेवलेले असतात, त्यांना न समजावता. मग आम्ही येतो, तीस जण, एकापाठोपाठ एक, आणि आम्हीही न समजावताच जायचं का?

माझ्या रूममेटचं मत वेगळं आहे, आणि ते सहज बाजूला सारता येण्यासारखं नाही. ती म्हणते, “आपण विद्यार्थी. आपली सही कुठंच चालत नाही. आपण सांगितलं एक आणि रेसिडेंटनं नातेवाइकांना सांगितलं दुसरं, तर गोंधळ पेशंटचा होतो. कॅन्सरची केस असेल तर? घरच्यांनीच सांगू नका म्हटलं असेल तर?” रात्री मेसच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ह्यावर बराच वेळ बोललो. तिचं बरोबर आहे. निदान सांगण्याचा हक्क उपचार करणाऱ्याचा. पण सांगू का, हे विचारण्यापासून तर आम्हाला कुणी अडवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी आमच्या जेआर-टूला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला, विचारलं. तो डिस्चार्ज कार्डांच्या गठ्ठ्यात बुडालेला होता, वर न बघता म्हणाला, “सांग की. माझं सांगायचं राहून जातं. बरं होईल.” तेव्हापासून मी केस घ्यायच्या आधी रेसिडेंटला विचारते, आणि निघताना पेशंटला दोन वाक्यं सांगते. रूममेटही आता तसं करते. वाद मात्र संपलेला नाही.

खिडकीकडच्या मावशीला दाखल होऊन काही दिवस झाले तशी तिला आमची सगळी पद्धत पाठ झाली. कुणी स्टेथो कानात घालायच्या आधीच ती डाव्या कुशीवर वळायची आणि न सांगता श्वास सोडून धरायची. प्रॅक्टिकल परीक्षेला बोलावलेले जुने पेशंट असेच तयार असतात. हात थरथरणाऱ्या एका मुलाला एका आजोबांनी परीक्षकांच्या माघारी हळूच सांगितलं होतं, “डाक्टर, पानथरी हितपर्यंत लागती, जरा खाली दाबा.” पानथरी म्हणजे प्लीहा. किती पिढ्या डॉक्टर ह्या माणसांनी पास करून दिले असतील. त्यांची नावं कुठल्या कॉलेजच्या भिंतीवर नसतात, आणि मला वाटतं ती असायला हवीत. निदान परीक्षा संपल्यावर डीननी त्यांच्यासोबत बसून जेवावं, एवढं तरी व्हावं.

एके दिवशी दुपारी तिनंच विचारलं, “मला आईकता यील का?” मी माझा स्टेथो तिच्या कानात घातला, बेल तिच्या छातीवर टेकवली. ती स्वतःच डाव्या कुशीवर वळली. बराच वेळ काही बोलली नाही. मग शेजारी बसलेल्या सासूला म्हणाली, “आत्याबाई, जात्यावानी घरघर हाय की वं.” सासूनं ऐकलं, समोरच्या खाटेवरच्या म्हातारीला ऐकायचं होतं, तिनंही ऐकलं, आणि शेवटी वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी येऊन जेवणाची गाडी अडतेय म्हणून सगळ्यांना हाकललं. त्या गडबडीत तिनं मला विचारलं, हे थांबेल का. मी सांगितलं, मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करतात, छाती कापावी लागत नाही, महात्मा फुले योजनेत बसतं, रेशनकार्ड आणि आधार लागेल, मोठ्या शहरात जावं लागेल. तिनं बोटांवर हिशेब केला. “दसऱ्याच्या आत व्हईल का? उचल घेतलीया.”

तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची. ते मला पुढं कधीतरी रेसिडेंटकडून समजलं, तोवर आमची पोस्टिंग बदलली होती आणि त्या खाटेवर दुसरं कुणी होतं. ती थांबली की कोयत्यावर गेली, हे विचारायला माझ्याकडं तिचा नंबर नव्हता. केसपेपरवर असेल, पण तो रेकॉर्ड रूममध्ये जमा झालेला.

परीक्षा झाली, निकाल लागला, इंटर्नशिपची यादीही लागली. कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे माझ्या वाट्याला नेमके दसऱ्याच्या आसपास आले आहेत, आणि केंद्र ऊसतोडीच्याच पट्ट्यातलं आहे. बहुतेक जण ह्या १२ आठवड्यांकडं पीजीच्या अभ्यासाचा मोकळा वेळ म्हणून बघतात. मीही पुस्तकं नेणार आहे. पण गेल्या गेल्या मेडिकल ऑफिसरांना काही गोष्टी विचारायच्या ठरवल्या आहेत. आपल्या गावांमधले पेनिसिलिनवर असलेले किती जण तोडीला जातात, ह्याची नोंद आहे का. ट्रॅक्टर भरायच्या आत त्यांच्या घरी जाऊन प्रत्येकाला कार्ड देता येईल का, ज्यावर निदान, डोस आणि हंगाम संपेपर्यंतच्या सगळ्या तारखा आधीच लिहिलेल्या असतील. कार्ड मराठीत असावं आणि कर्नाटकात जाणाऱ्यांसाठी कन्नडमध्येही, ते भाषांतर करून द्यायला आमच्या बॅचमधला एक सोलापूरकडचा मुलगा तयार आहे. आणि तिथल्या केंद्रानं इंजेक्शन द्यायला नाही म्हटलं, तर त्या डॉक्टरांनी आपल्याकडं फोन करावा म्हणून कार्डावर नंबर कुणाचा टाकायचा.